लोण्यासारखं उघडतं

६ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. दादांना आधी हे वाचून दाखवा की त्यांचा धाकटा भाऊ ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो, आणि चष्म्याचा नंबर वाढला असला तरी तो वयाने नाही, कामाने वाढलाय. आता कामाचं.

हाडं जोडायच्या ज्या धातूच्या पट्ट्या तुमच्या हॉस्पिटलने मागवल्या आहेत, त्या या महिन्यापासून माझ्या पाकिटात येतील. पट्ट्या आमच्या कंपनीच्या, पाकीट माझं. आत प्लास्टिकचा ट्रे, त्यावर पिशवी. पिशवीची एक बाजू पारदर्शक, दुसरी पांढरी. पांढरी दिसते कागदासारखी, पण कागद नव्हे; निर्जंतुक करायचा गॅस तिच्यातून आत-बाहेर करतो, जंतू मात्र बाहेरच राहतो. कडेने बोटभर रुंद सील. ट्रेचे कोपरे मी गोल करून घेतले, कारण आधीच्या टोकदार कोपऱ्यांनी ट्रकच्या हादऱ्यात घासून घासून पिशवीला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, रंगीत पाण्याने चुगली केली. इथले कॉलेजवाले विचारतात, हे शिकलात कुठे. मी सांगतो, फाटलेल्या पाकिटांकडून.

खरी गोम एकाच ठिकाणी आहे. रस्त्यात ते पाकीट कुणाच्या बापाला उघडता येऊ नये. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तुमच्या हाताखालच्या मुलींनी दोन पदर धरून ओढले की एका दमात, न फाटता, एकही तंतू न उडवता सोललं जावं. पहिलं मी इथे तपासतो. त्यासाठी थरथरणारं टेबल आहे, ओढ मोजायचा काटा आहे. दुसरं तपासायला तुमच्याशिवाय कुणी नाही. इतर हॉस्पिटलं 'उत्तम' लिहून मोकळी होतात, चहा कसा झालाय विचारल्यासारखी. तुम्ही थिएटरच्या मुख्य सिस्टर, खरं तेच लिहाल. मागे अंगठ्यावरून आपलं वाजलं होतं, ते मी विसरलो, तुम्हीही विसरा.

थरथरणाऱ्या टेबलाचं दादांना नीट वर्णन करून सांगा. वर ठेवलेली खोकी अशी नाचतात की वाटावं, त्यांना कुणी गुदगुल्या करतंय. फोन मुद्दाम करत नाही. बोलता येत नसल्याने ते फोनवर कासावीस होतात, हे तुम्हीच लिहिलं होतं. पत्रच बरं.

आपला,
धाकटा

२० जानेवारी

भाऊजी,

पत्र पोचलं, पाकिटंही पोचली. आधी पत्राचं. यांना तीन वेळा वाचून दाखवलं. टेबलापाशी आल्यावर यांनी चांगल्या हाताने उशी थरथरवून दाखवली आणि हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले. झटका आल्यापासून डॉक्टर, व्यायाम करून घेणारा आणि मी, तिघांनी मिळून जे जमलं नाही ते तुमच्या टेबलाने केलं. तुमचं पत्र यायची वेळ झाली की हे खिडकीशी खुर्ची लावून मागतात. पोस्टमनच्या सायकलचा खडखडाट यांना लांबून कळतो. दुसऱ्या कुणाच्या पत्रासाठी असं होत नाही, माझ्या माहेरच्या तर नाहीच.

पाकिटं उत्तम. थांबा, उत्तम लिहिलं तर तुम्ही चहा काढाल. लोण्यासारखी उघडतात. मुलींना उघडायची पद्धत मी स्वतः शिकवली आहे, तेव्हा काळजी नसावी. एक चष्मेवाली नवीन आली आहे. पहिल्या आठवड्यात तिच्या हातात काही टिकत नव्हतं, तीसुद्धा तुमचं पाकीट नीट सोलते.

अंगठ्याचं केव्हाच विसरले. पुढचं पत्र लांबवू नका.

तुमची,
वहिनी

५ फेब्रुवारी

वहिनी,

'लोण्यासारखी' हा तुमचा शब्द मी मालकांना वाचून दाखवला. एरवी ते माझ्याशी घड्याळाकडे बघत बोलतात, त्या दिवशी खुर्ची दिली. म्हणाले, लांबचे रस्ते खराब, गोदामं दमट, माल दोन-दोन वर्षं पडून राहतो. सील अजून पक्कं होईल का? दुसऱ्या वेळी मी नाही म्हटलं असतं. पण उघडायला लोणी असेल तर माझ्या हातात अजून जागा आहे. सील करणाऱ्या मशीनचे जबडे थोडे जास्त तापवले, दाब वाढवला. काटा आता आधीच्या दीडपट ओढ दाखवतो.

कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, उघडायला जड जाईल. मी म्हटलं, तुमच्या कागदावर जाईल. माझ्या वहिनींची हयात थिएटरमध्ये गेली आहे, त्यांच्या हातात जात नाही. गप्प बसले. हे दादांना दोनदा वाचून दाखवा. कारण लहानपणी मी शाळा सोडली तेव्हा घरात एकटे तेच म्हणाले होते की याचा हात चालतो, चालू द्या.

हा नवा माल सगळीकडे जाईल, तुमच्याकडेही येईल. काय ते लिहा.

धाकटा

२६ मार्च

भाऊजी,

नवी पाकिटं आली. इतकं आवळायची गरज होती का? म्हणजे उघडतात. आमच्याकडे उघडतात. पण सगळीकडे आमच्यासारख्या मुली असतील असं नाही, म्हणून आपलं विचारलं. तुम्हाला त्यातलं जास्त कळतं. राग मानू नका.

इंजिनिअर गप्प बसले ते यांना फार आवडलं. ते पत्र उशीखाली आहे. चादर बदलायची तर आधी पत्र यांच्या हातात द्यावं लागतं, मगच हे कूस बदलतात.

उत्तर लवकर धाडा, दोन ओळी का असेनात.

वहिनी

९ मे

वहिनी,

हे पत्र दादांना वाचून दाखवू नका.

एका लहान हॉस्पिटलमध्ये मांडीचं हाड जोडायचं ऑपरेशन चालू असताना माझं पाकीट उघडेना. तिथल्या सिस्टरने ओढलं, पुन्हा ओढलं. पांढरी बाजू सोलली जायच्या ऐवजी उभी फाटली, तंतू उडाले, आणि त्या झटक्यात ट्रे जमिनीवर. त्या मापाची दुसरी पट्टी तिथे नव्हती. बाहेरून मागवून हातात पडेपर्यंत बाईला भूल दिलेली, पाय उघडा, तशीच टेबलावर ठेवली. जीव वाचला. मग जखम चिघळली. पाय कितपत सुधारेल, डॉक्टर सांगत नाहीत. ती कुठल्याशा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, म्हणजे दिवसभर उभं राहण्याचंच काम.

कंपनीत सगळी बोटं माझ्याकडे. इंजिनिअर तर दबा धरूनच बसले होते. मी स्वच्छ सांगितलं, खोट पाकिटात नाही, हातात आहे. याच खेपेचा माल माझ्या वहिनींकडे रोज उघडतो, एकदा फाटलेला नाही. तुम्हीच लिहिलं होतं की सगळीकडे आमच्यासारख्या मुली नसतील. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, मला उशिरा कळलं.

मालकांच्या नावाने तुमच्या सहीचं पत्र हवं. इतके महिने वापरतो, पद्धत बरोबर असली की पाकीट उघडतं, एवढंच लिहा. मागे लिहिलंत त्याहून जास्त काही नको. माझं इथलं नाव आता त्या एका पत्रावर आहे. माझ्याकडे पदवी नाही की ती पुढे करावी, तुम्ही आहात.

धाकटा

२० मे

भाऊजी,

त्या बाईचं वाचल्यापासून घास उतरत नाही.

मालकांना लिहायचं तर हॉस्पिटलची परवानगी लागते, आणि परवानगी देणारे रजेवर आहेत. तोवर सील जरा सैल करून बघाल का? नुसतं बघायला. आणि तो माल पुढे कुणाला जाऊ देऊ नका.

पत्र आलेलं यांनी पाहिलं होतं. वाचून दाखवलं नाही म्हणून रुसलेत, भिंतीकडे तोंड करून आहेत. काहीतरी हलकंफुलकं वेगळं लिहून पाठवा, एवढं ऐका.

वहिनी

४ जून

वहिनी,

गेल्या मंगळवारी मी तुमच्या हॉस्पिटलमध्ये येऊन गेलो.

परवानगी देणारे रजेवर असतील तर त्यांच्या घरी जाऊन सही घेऊ, अशा विचाराने आलो होतो. तुम्ही ऑपरेशनमध्ये होतात. मला थिएटरबाहेरच्या अरुंद खोलीत बाकावर बसवलं. समोर स्टीलचं कपाट होतं, सलाइन आणि ब्लँकेटं गरम ठेवायचं. हँडलला कापडी पट्टी गुंडाळलेली. तुमची चष्मेवाली आली. मी नातं सांगितलं नाही, कंपनीचा माणूस एवढंच म्हटलं. तिने कपाट उघडलं, ब्लँकेटांच्या घडीखाली हात घातला आणि माझी दोन पाकिटं काढली. कपडे वाळले का बघावं तशी गालाला लावून पाहिली.

मी विचारलं, ही इथे कशी? तर म्हणाली, “शेकल्याशिवाय यांचं तोंडच उघडत नाही हो. मोठ्या सिस्टरांची युक्ती आहे. कुठे बोलू नका, पाकीट त्यांच्या दिरांनी बनवलंय.”

बिचारी मलाच माझ्यापासून सांभाळत होती.

मी निघालो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. खिडकीत दादांचं डोकं दिसलं, रस्त्याकडे लागलेलं. तिथून मागे फिरलो. इतक्या जवळ येऊन त्यांना न भेटता गेलो, तेही तुमच्याच खात्यावर टाकतो.

आता सगळं लख्ख दिसतंय. सील गरम झालं की सैल पडतं, हे मीच तुम्हाला कधीतरी पत्रात शिकवलं होतं. जानेवारीचा माल जड होता. तुम्ही तो शेकलात आणि लिहिलंत, लोण्यासारखा. म्हणून मी आवळला. तुम्ही पाकिटं आणखी वेळ कपाटात ठेवलीत आणि लिहिलंत, आमच्याकडे उघडतात. तुमच्या एकेका गोड शब्दाला मी इथे जबडे तापवत गेलो. त्या बाईचं पाकीट आपण दोघांनी मिळून बंद केलं, वहिनी. त्यातल्या एकालाच ते माहीत होतं.

मालक खोटं बोलले असते तर मला काही वाटलं नसतं, त्यांचा धंदा आहे. इंजिनिअर बोलले असते तर आनंदच झाला असता. शाळा सोडल्यापासून लोक मला एकतर हसले, नाहीतर पाठ थोपटून पुढे गेले. माझं काम उलटसुलट करून बघणारं, नख लावून बघणारं एकच माणूस आहे असं धरून मी चाललो होतो. इंजिनिअर खरं सांगत होते आणि मी तुमच्या जोरावर त्यांना गप्प केलं. ते तुम्हाला ऐटीत कळवलं. तुम्ही ते दादांना वाचून दाखवलंत. तेव्हा पाकिटं कपाटातच होती ना?

तुम्ही माझ्या कामाची परीक्षा करत नव्हता. दादांना चमच्याने भरवता तसं मलाही भरवत होता. ते आजारी आहेत. मी नव्हतो.

काल मालकांना सांगितलं, खोट पाकिटात आहे, सगळा माल परत बोलवा. इंजिनिअर तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चुकीचा अंदाज कशावरून बांधला, असं मालकांनी विचारलं. तुमचं नाव घेतलं असतं तर माझी मान इंचभर वर राहिली असती. ते माझ्याच्याने झालं नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

यापुढे नमुने येणार नाहीत.

१५ जून

भाऊजी,

चष्मेवालीवर रागावू नका. ती त्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, एक माणूस आला होता, पाकिटं बघून त्याचा चेहरा पडला, मी काही चुकीचं बोलले का? मी म्हटलं, नाही गं, या सगळ्यात तूच तेवढी खरं बोललीस.

तुम्ही लिहिलंत त्यातलं काही खोडायचं नाही. एक जोडायचं आहे. तुम्हाला तपशील लागतात.

तुमचे पहिले नमुने आले तेव्हा मी खरंच लिहिलं होतं, की ओढायला जड जातं, अंगठा घसरतो. तुमचं उत्तर आलं: अंगठा कुठे टेकवायचा त्याचं चित्र, पेराचं माप, आणि शेवटी, ज्यांना पाकीट धरता येत नाही त्यांनी ते उघडू नये. मी पुन्हा लिहिलं, धरलं तसंच धरलं, तरी जड जातं. त्यानंतर सहा महिने तुमच्याकडून चिठोरंही नाही.

यांना तेव्हा नुकता झटका येऊन गेला होता. त्याआधी दर पंधरवड्याला येणारं पत्र एकदम बंद झालं. यांना वाटलं, आपली वाचा गेली म्हणून धाकट्याने आपल्याला टाकलं. मी शंभरदा सांगितलं की ते माझ्यावर चिडलेत, अंगठ्यावरून. अशा कारणासाठी कुणी पत्र बंद करतं, हे यांना पटेना. मलाही सांगताना पटत नव्हतं. यांनी खाणं कमी केलं. घास ओठाशी नेला की तोंड मिटायचे. शेवटी मी तुम्हाला लिहिलं, पद्धत आता समजली, छान उघडतं. आठवडा उलटायच्या आत तुमचं पत्र आलं. चार पानी.

त्या दिवशी मी शिकले ते शिकले. तुम्हाला लोणी दिलं की यांच्या पोटात घास जातो.

कपाटात पहिलं पाकीट ठेवताना हात कचरला नाही असं नाही. थिएटरमध्ये कुठली वस्तू कुठे ठेवायची हे मुलींकडून घोकून घेणारी बाई मी. पण माझ्या डोळ्यांसमोर आमचंच टेबल होतं; दुसऱ्या कुठल्या टेबलावर कुणी पडलेलं असेल, हे डोक्यात आलं तोवर तुमचा माल निघून गेला होता. तेव्हाही मी 'आमच्याकडे उघडतात' एवढंच लिहू शकले.

इथे मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. थिएटर काढून घेतलं, खालच्या वॉर्डात असते. हे दयेसाठी लिहीत नाही.

माझ्यावरचा राग माझ्यावर ठेवा. यांना लिहा. हे पुन्हा खिडकीशी बसायला लागलेत.

वहिनी

१२ सप्टेंबर

दादा,

हे पत्र तुम्हाला आहे. वाचून मात्र वहिनीच दाखवतील, दुसरं कोण आहे. त्यांना सांगणं एवढंच की एकही ओळ गाळू नये. दादा, आवाज मध्येच थांबला तर चांगल्या हाताने उशीवर थाप मारा, म्हणजे पुढे वाचतील.

मी लिहिलं नाही ते तुमची वाचा गेली म्हणून नव्हे. तेव्हाही नव्हे, आताही नव्हे. लहानपणी मी बनवलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे म्हणालात, तर मी ते स्टूल उचलून माळ्यावर टाकलं होतं आणि तुमच्याशी बोललो नव्हतो, आठवतं? तसंच. पण स्टूल डगमगतंय हे तुम्ही मला तोंडावर सांगितलं होतंत. पायाखाली गुपचूप पुठ्ठा सरकवून 'वा' म्हणाला नव्हतात.

जे माणूस आता तुम्हाला हे वाचून दाखवतंय, त्याने महिनोन्महिने मला खोटं सांगितलं. वाचा, वहिनी.

ज्या बाईच्या ऑपरेशनमध्ये माझं पाकीट फाटलं, तिला मी भेटून आलो. हे तुम्हाला नवीन असेल, वहिनी सांगतील. काठी घेऊन चालते. मोठ्या पातेल्यांपुढे उंच स्टूल घेऊन बसते. पातेल्याचा तळ दिसत नाही म्हणून उठते, पुन्हा बसते. तिने पाकीट बघायला मागितलं. उलटंपालटं केलं, म्हणाली, एवढंसं? मग विचारलं, “उघडत नाही हे तुम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं का?”

मी म्हटलं, सांगितलं होतं. दोनदा.

हे उत्तर खरं आहे, आणि माझा राग गेला नाही हेही खरं आहे. दोन्ही घेऊन परत आलो. तुम्ही बोलू शकत असतात तर यावर काहीतरी म्हणाला असतात. मी अंदाज करायचं सोडलंय.

मालकांनी मला ठेवलं, पण आता माझ्या कामावर इंजिनिअरची सही लागते. त्यांच्याशी वाद घालून सील बदललं. सरळ रेषेऐवजी टोकाशी बाणासारखं केलं. ओढ आधी एका बिंदूवर येते, मग दोन्हीकडे पसरते. काट्यावर बरोबर आहे. काट्यावर आधीचंही बरोबर होतं. सोबत तीन पाकिटं आहेत, आत पट्टी नाही, तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा आहे. दादा, तुम्ही उघडा. एक पदर चांगल्या हातात धरा, दुसरा कुणीतरी धरावा.

शेकू नयेत.

धाकटा

२७ सप्टेंबर

भाऊजी,

सगळं वाचलं. दोनदा थांबले, दोनदा उशीवर थाप पडली. 'खोटं सांगितलं' इथे यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ खिडकीकडे. त्या संध्याकाळी माझ्या हातून पाणी घेतलं नाही. शेजारणीने पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याकडे बोट केलं.

पाकिटं फरशीवर ठेवलेली होती, गार होती. एक पदर यांनी धरला, एक मी. पहिलं छान सुटलं. दुसरंही. तिसरं निम्म्यावर अडलं आणि डाव्या कोपऱ्यात फाटलं. तंतू यांच्या सदऱ्यावर पडले, स्वच्छ दिसत होते. लोखंडाचा तुकडा मांडीवर पडला तेव्हा हे दचकले, मग हसले. अर्ध्या चेहऱ्याने, नेहमीसारखे. मी हसले नाही.

फाटलेलं पाकीट सोबत पाठवते आहे. अडलं तिथे पेनाने गोल केलाय. जोर जास्त लावला नव्हता. माझा अंगठा तुम्ही चित्रात दाखवला होता तिथेच होता.

अजून जड जातं, भाऊजी.

हे खिडकीशी बसलेत.

वहिनी